रक्ताला लागलेला बोल

गेल्या महिन्यात बेळगावकडील एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आमच्याकडे आले. ते वाचून आम्ही एकदा मिटून ठेविले व दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडले. कारण त्यातील प्रश्न वैद्यकाचा असला तरी त्यामागील दुःख निराळेच होते. भगिनींच्या परवानगीने व नावे वगळून ती हकीकत आम्ही येथे देत आहोत.

त्यांच्या भाचीस तीन वर्षांचा एक मुलगा आहे. जन्मल्यापासून त्याचा खोकला थांबलेला नाही. दोन वेळा न्यूमोनिया झाला. खाणे भरपूर, परंतु अंगी लागत नाही. शौचास तेलकट व फार दुर्गंधीयुक्त होते. प्रथम बालदमा म्हणून औषध झाले, नंतर क्षय म्हणून सहा महिने गोळ्या झाल्या. अखेर एका मोठ्या इस्पितळात मुलाच्या घामाची परीक्षा झाली व 'सिस्टिक फायब्रोसिस' या आनुवंशिक रोगाचे नाव घरच्यांच्या कानी पडले. येथपर्यंतची कथा दुःखद असली तरी आपल्या देशात अपवादात्मक नाही. हा गोऱ्या लोकांचा रोग, आपल्याकडे तो होत नाही, अशी समजूत वैद्यांतही पुष्कळ काळ होती. वस्तुतः १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत या रोगाचे रुग्ण नोंदलेले आहेत.

खरा घाव पुढे बसला. त्या घरात आजोबा आहेत. सारा जन्म औषधे कालविण्यात घालविलेले जुने कंपाउंडर. नातवाच्या रोगाचे नाव कळताच त्यांनी माळ्यावरचा एक जाडजूड इंग्रजी वैद्यकीय ग्रंथ खाली काढला. ग्रंथ १९७० च्या दशकातला. त्यात असे लिहिलेले निघाले की, या रोग्यांच्या रक्तात एक असे द्रव्य असते की ते श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची हालचाल बिघडविते. आणि तेच द्रव्य रोग्याच्या आईबापांच्या रक्तातही सापडते. आजोबांनी हे सरळ मनाने मोठ्याने वाचून दाखविले. त्या दिवसापासून भाचीस अन्न गोड लागेनासे झाले. "नऊ महिने ज्या रक्तावर पोर पोसले, त्याच रक्तात विष होते," असे ती म्हणते. सासरच्या एकदोन वडीलधाऱ्या बायकांनी "तुमच्या माहेरच्या रक्तातच असेल" असेही बोलून घेतले. शिवाय भाचीच्या धाकट्या बहिणीस सध्या स्थळे येत आहेत. तेव्हा तिच्या रक्ताची तशी परीक्षा करून घ्यावी काय, हा भगिनींचा दुसरा प्रश्न.

आजोबांचा ग्रंथ खोटे बोलत नव्हता. त्या काळी जे जाणत्या लोकांस खरे वाटत होते तेच त्यात छापलेले आहे. परंतु पुढे ते टिकले नाही. कसे टिकले नाही हे सांगितल्याखेरीज भाचीच्या मनातील किल्मिष जाणार नाही. नुसते "तसे काही नसते हो" म्हणून कोणत्याही आईचे समाधान होत नाही. म्हणून आजचे हे सदर थोडे लांबले तर वाचकांनी क्षमा करावी.

आधी ते सूक्ष्म केस म्हणजे काय ते पाहू. आपल्या श्वासनलिकेस आतून एक ओलसर अस्तर असते. त्या अस्तरातील पेशींवर डोळ्यांस न दिसणारी अशी लव उगवलेली असते. शास्त्रीय मराठीत तिला 'पक्ष्माभिका' असे भारदस्त नाव आहे. आम्ही येथे साधे 'लव' म्हणू. एकेका पेशीवर सुमारे दोनशे तंतू, आणि प्रत्येक तंतूची लांबी एका मिलिमीटरच्या दीडशेव्या हिश्श्याएवढी. हे तंतू सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात, परंतु हवे तसे नव्हे. भाताच्या शेतावरून वाऱ्याची झुळूक जावी व कणसे ओळीने लवत जावीत, तशी त्यांची लाट एकाच दिशेने, घशाकडे, जात असते. लवेच्या शेंड्यांवर श्लेष्म्याचे, म्हणजे कफाचे, एक पातळ पांघरूण तरंगत असते. श्वासावाटे आत आलेली धूळ व जंतू त्यास चिकटतात आणि लव ते पांघरूण हळूहळू वर सारते. घशाशी आले की आपण ते नकळत गिळून टाकतो. लवेच्या मुळाशी, पांघरुणाच्या खाली, पाण्यासारखा पातळ द्रव असतो आणि त्या द्रवात लव मोकळेपणाने हलते. हा द्रव वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

आता रोगाची गोष्ट. न्यूयॉर्क येथील डॉ. डोरोथी अँडरसन या विदुषीने १९३८ मध्ये या रोगाचे स्वतंत्र वर्णन प्रथम केले. मृत बालकांच्या शवपरीक्षा करताना त्यांना स्वादुपिंड कठीण, तंतुमय व बारीक पोकळ्यांनी भरलेले दिसले आणि त्यावरूनच रोगास ते लांबलचक नाव पडले. या बालकांची फुप्फुसेही चिकट कफाने भरलेली असत. त्या काळी ही मुले शाळेच्या वयास क्वचितच पोहोचत.

पुढे १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्म्याची लाट आली. उष्म्याने मूर्च्छित होऊन इस्पितळात आलेल्या बालकांत या रोगाची मुले अपेक्षेपेक्षा फार जास्त आहेत, हे तेथील वैद्यांच्या लक्षात आले. त्याच इस्पितळातील डॉ. पॉल दि सान्ताग्नेझे यांनी त्या धाग्याचा पाठपुरावा केला व १९५३ मध्ये दाखवून दिले की या मुलांच्या घामात मिठाचे प्रमाण निरोगी मुलांहून कितीतरी पटींनी अधिक असते. युरोपातील खेडुतांत पूर्वीपासून एक समजूत होती: ज्या बाळाच्या कपाळाचा मुका घेताना खारट लागते, ते बाळ फार दिवसांचे सोबती नव्हे. म्हाताऱ्या बायांच्या जिभेस जे कळत होते ते प्रयोगशाळेस कळावयास १९५३ साल उजाडावे लागले. १९५९ मध्ये गिब्सन व कूक यांनी मनगटाजवळ सौम्य विद्युत्प्रवाहाने औषध मुरवून घाम आणण्याची व तो मोजण्याची सोपी रीत बसविली. भाचीच्या मुलाची जी परीक्षा झाली ती हीच. घामातील क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल वा त्याहून अधिक भरले, तर रोग असल्याचे धरतात. सुई नाही, रक्त नाही, मुलास दुखत नाही.

घामात मीठ का, आणि फुप्फुसांत चिकट कफ का, या दोहोंचा मेळ मात्र कोणासही बसेना. अशा वेळी संशोधकांची नजर रक्ताकडे वळली यात नवल नाही. रोग साऱ्या शरीरभर, आणि साऱ्या शरीरभर जाते ते रक्त.

१९६७ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे डॉ. अलेक्झांडर स्पॉक व त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सशाच्या श्वासनलिकेचा लहानसा तुकडा पोषक द्रवात जिवंत ठेवावयाचा व सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरील लव पाहावयाची. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी उरते, त्यास रक्तरस म्हणतात. निरोगी माणसाचा रक्तरस त्या तुकड्यावर घातला तर लव आपल्या तालात हलत राही. रोग्याचा रक्तरस घातला की ताल बिघडे. लाट मोडे व तंतू वाटेल तसे हलू लागत. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असेच ते दृश्य असले पाहिजे! ज्या मुलांच्या छातीतून कफ निघत नाही, त्यांच्याच रक्तात लवेचा ताल मोडणारे द्रव्य. कारण व कार्य जणू एकाच काचपट्टीवर शेजारी शेजारी मांडून ठेविलेले.

दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन या समुद्रकाठच्या नगरातून डॉ. बार्बरा बोमन व सहकाऱ्यांनी असाच प्रयोग सशाऐवजी कालवांवर केला. गोव्याकडील वाचकांस कालवे म्हणजे काय हे सांगावयास नको. परंतु खाताना ज्याकडे आपण पाहत नाही त्या कालवाच्या कल्ल्यांवरही अशीच लव असते व तिच्याच जोरावर ते कालव पाणी आत ओढून आपले अन्न गाळून घेते. रोग्याच्या रक्तरसाने ही लवही थांबे. ससे पाळण्यापेक्षा कालवे मिळणे सोपे. तेव्हा ही परीक्षा इतर प्रयोगशाळांतही होऊ लागली. त्या अनामिक द्रव्यास 'सिस्टिक फायब्रोसिस घटक' असे नाव पडले. रोग्यांच्या त्वचेतील पेशी काचेच्या भांड्यात वाढविल्या तर त्याही हे द्रव्य सोडतात, असेही पुढे प्रसिद्ध झाले.

आणि मग ती गोष्ट, जिने आज बेळगावकडील एका आईची झोप उडविली आहे: आईबापांच्या रक्तरसानेही लव बिघडते. आईबाप तर धडधाकट! त्यांना ना खोकला, ना खारट घाम.

हे समजून घेण्यासाठी आपल्याला ब्रनो येथील मठाच्या बागेत जावे लागेल. तेथे ऑगस्टीनियन संघाचे धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याची हजारो रोपे वाढवून आनुवंशिकतेचे नियम शोधले व १८६६ मध्ये छापून काढले. त्यांचा सारांश आमच्या कामापुरता असा. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून व एक बापाकडून. या रोगात एक प्रत बिघडलेली असली व दुसरी धड असली तर माणूस निरोगीच राहतो. त्यास केवळ 'वाहक' म्हणतात. आई व बाप दोघेही वाहक असले आणि मुलाच्या वाट्यास दोघांचीही बिघडलेली प्रत आली, तरच रोग होतो. प्रत्येक गर्भारपणात असे होण्याचा संभव चारांत एक. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत दर पंचवीस माणसांत सुमारे एक असा वाहक असतो, आणि त्याला आयुष्यभर त्याची गंधवार्ताही नसते.

तेव्हा आईबापांच्या रक्तात ते द्रव्य सापडते म्हणजे वाहक ओळखण्याची किल्ली हाती आली, असे १९७० च्या दशकातील वैद्यांस वाटले. ज्या घरात एक मूल गेले, तेथील भावाबहिणींस लग्नापूर्वी सांगता येईल. पुढचे मूल होऊ द्यावे की नाही हे आईबापांस ठरविता येईल. ही आशा लहान नव्हती. आजोबांच्या ग्रंथाने ते पान इतक्या ठामपणे का लिहिले, हे यावरून ध्यानात यावे.

परंतु ते द्रव्य शुद्ध स्वरूपात कोणाच्याही हाती लागेना. ते एक लहानसे प्रथिन असावे, रक्तातील दुसऱ्या मोठ्या प्रथिनास चिकटून राहत असावे, असे तर्क होत राहिले. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी जुळेनात. इतर काही रोगांच्या रुग्णांत, क्वचित निरोगी माणसांतही, तसाच परिणाम दिसू लागला. लव बिघडली की नाही हे अखेर माणसाच्या डोळ्यानेच ठरवावयाचे होते, आणि डोळा, आम्हांस वाटते, पुष्कळदा मनाच्या मागे जातो. यात कोणाची लबाडी होती असे मुळीच नव्हे. मुलांना वाचविण्याची धडपड करणारी ही माणसे होती आणि त्यांनी आपले प्रयोग उघडपणे छापले. म्हणूनच तर इतरांस ते पडताळता आले.

दरम्यान दुसऱ्या एका बाजूने उजेड पडत होता. १९७६ मध्ये स्टॉकहोमचे ब्यॉर्न आफ्झेलियस यांनी असे रुग्ण दाखविले की ज्यांची लव जन्मतःच हलत नाही; तिच्या तंतूंतील हालचाल घडविणारे सूक्ष्म भागच तेथे नसतात. गंमत अशी की यांतील अनेकांचे हृदय उजव्या बाजूस असते. या लोकांनाही जन्मभर खोकला व कफ असतो; परंतु त्यांची फुप्फुसे सिस्टिक फायब्रोसिसइतक्या झपाट्याने सहसा नासत नाहीत. म्हणजे ज्यांची लव खरोखर मेलेली, ते बरे. आणि ज्यांची लव केवळ बिघडलेली म्हणावयाची, त्यांची दशा वाईट! हे कोडे कसे सुटावे?

मग १९८० च्या सुमारास लंडनमधील संशोधकांनी जे आधीच करावयास हवे होते ते केले. सशाची नको व कालवाची नको; त्यांनी रोग्यांच्याच नाकातून बारीक कुंचल्याने लव खरडून घेतली, स्वच्छ द्रवात ठेविली व तिची गती मोजली. ती निरोगी माणसांच्या लवेइतकीच निघाली. ज्या रक्तात विष आहे असे म्हणत होते, त्याच रक्तावर वाढलेली ही लव. आणि ती उत्तम हलत होती.

मग दोष कोठे? उत्तर पुन्हा घामाकडूनच आले. कॅलिफोर्नियातील शरीरशास्त्रज्ञ पॉल क्विंटन हे स्वतः या रोगाचे रुग्ण. त्यांनी रोग्यांच्या त्वचेतील घामाच्या नलिका, केसाहून बारीक अशा, वेगळ्या काढून तपासल्या. घाम तयार होतो तेव्हा तो सर्वांचाच खारट असतो. त्वचेवर येईपर्यंत वाटेत नलिकेच्या भिंती त्यातील मीठ परत शोषून घेतात. क्विंटन यांनी १९८३ मध्ये दाखविले की या रोगात त्या भिंतींतून क्लोराइड जाऊच शकत नाही. मिठाचा दरवाजा बंद आहे. म्हणून कपाळ खारट.

आणि तो दरवाजा १९८९ च्या सप्टेंबरात सापडला. टोरांटोचे लॅप-ची त्सुई व जॉन रिऑर्डन आणि मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या चमूंनी सातव्या गुणसूत्रावरील ते जनुक शोधून काढले. त्यावरून पेशीत १४८० दुव्यांची साखळी असलेले एक प्रथिन तयार होते. हे प्रथिन पेशीच्या आवरणात बसून क्लोराइडची ये-जा सांभाळते. सर्वांत नेहमी आढळणाऱ्या बिघाडात जनुकाची अवघी तीन अक्षरे गळालेली असतात व त्यामुळे साखळीतील ५०८ वा दुवा नाहीसा होतो. दीड हजारांत एक दुवा! एवढ्याने प्रथिनाची घडी नीट बसत नाही व पेशी ते निकामी समजून आतल्या आत मोडून टाकते. ते दारापर्यंत पोहोचतच नाही.

आता वाचकांनी लवेच्या मुळाशी असलेल्या त्या पातळ द्रवाची आठवण करावी. फुप्फुसात हाच दरवाजा क्लोराइड बाहेर सोडतो, व मिठामागून पाणी जाते. दरवाजा नसला की पाणी येत नाही. द्रव आटतो, कफ घट्ट होतो व लवेवर बसतो. लव धड आहे, तालात आहे, परंतु चिखलात रुतलेल्या होडीच्या वल्ह्यासारखी तिची गत होते. साचलेल्या कफात जंतू घर करतात आणि वर्षानुवर्षे फुप्फुस पोखरत जातात. स्वादुपिंडाच्या नळ्याही अशाच तुंबतात, पाचक रस आतड्यात उतरत नाहीत, आणि म्हणून मुलाचे खाणे अंगी लागत नाही व शौच तेलकट होते. अर्ध्या शतकाच्या साऱ्या विस्कळित खुणा एका दरवाज्यापाशी एकत्र आल्या. रक्तातील त्या 'घटका'चे नाव यानंतर कोणी फारसे काढले नाही.

लव निर्दोष आहे याची आम्हांस सर्वांत आवडणारी साक्ष ऑस्ट्रेलियाच्या समुद्रकिनाऱ्यावरची आहे. तेथे या रोगाच्या ज्या तरुणांस लाटांवर फळी घेऊन खेळण्याचा नाद होता, त्यांचे फुप्फुस इतरांपेक्षा बरे राहते, असे तेथील वैद्यांच्या ध्यानी आले. समुद्राचे खारे तुषार छातीत जात होते! त्यावरून तेथे रीतसर परीक्षा झाली. १६४ रुग्णांवर ४८ आठवडे चाललेली ती पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. सात टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा दिवसातून दोनदा हुंगणाऱ्यांस छातीचे आजार कमी उसळले. मीठ पाणी ओढून आणते, कफ सैल होतो, आणि तीच लव, जिला आपण विषाने मेलेली समजत होतो, पुन्हा वल्ही मारू लागते.

भाचीस आता आमचे सांगणे ऐकवावे. बाई, तुमच्या रक्तात विष नाही व नव्हते. तुमच्या रक्ताने मुलाच्या छातीस काहीही केलेले नाही. मुलाच्या प्रत्येक पेशीत, ती पहिली पेशी निर्माण झाली त्या क्षणापासून, दोन प्रती बिघडलेल्या आहेत. त्यांतील एक तुमची व एक तुमच्या यजमानांची. गर्भारपणात काय खाल्ले, काय पथ्य मोडले, कोणते ग्रहण पाहिले, याचा त्याशी काडीचा संबंध नाही. आणि सासरच्या ज्या वडीलधाऱ्या बायका माहेरच्या रक्ताचे नाव घेतात, त्यांना कोणी तरी आदराने परंतु स्पष्टपणे सांगावयास हवे की या रोगात एका घराकडे बोट दाखविताच येत नाही. दोन्ही घरांतून एकेक प्रत आल्यावाचून हा रोग होतच नाही. हे सांगण्याचे काम सुनेचे नव्हे, मुलाच्या बापाचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

धाकट्या बहिणीविषयी. सशाची वा कालवाची परीक्षा आज कोणी करीत नाही व करूही नये. आज जनुकाचीच परीक्षा होते. परंतु तिचा एक क्रम आहे व तो चुकला तर पैसे वाया जातात. या जनुकातील दोन हजारांहून अधिक फरक आजवर नोंदलेले आहेत. युरोपात रोग्यांच्या बिघडलेल्या प्रतींपैकी सुमारे सत्तर टक्के त्या ५०८ व्या दुव्याच्या असतात. भारतीय रोग्यांत हे प्रमाण त्याहून बरेच कमी, आणि इतर नानाविध बिघाड अधिक. म्हणून परदेशी नमुन्यावर बेतलेली ठराविक चाचणी आपल्याकडे पुष्कळदा रिकाम्या हाताने परत येते व घरचे उगाच निर्धास्त होतात. आधी आजारी मुलाच्या दोन्ही प्रतींतील बिघाड नेमके शोधून घ्यावेत, मग आईत त्यांपैकी कोणता आहे ते पाहावे, आणि मग धाकट्या बहिणीत केवळ तेवढाच एक तपासावा. ती वाहक असण्याचा संभव साधारण निम्मा. असली तरी तिला स्वतःला रोग नाही व होणार नाही. तिचा पती वाहक नसेल तर तिच्या मुलांनाही हा रोग होणार नाही.

बेळगावकडे मामाच्या मुलीशी लग्नाची चाल अनेक समाजांत आहे, त्याविषयी मात्र दोन शब्द. जवळच्या नात्यात एकच बिघडलेली प्रत दोन्हीकडे उतरलेली असण्याचा संभव वाढतो. आमच्या चर्चच्या विवाहनियमांत सख्ख्या चुलत, मामे, आत्ये भावंडांचा विवाह खास परवानगीवाचून होऊ शकत नाही, हे वाचकांस ठाऊकच आहे. ज्या घरात असे मूल आहे तेथे ती परवानगी मागण्याचा विचारही करू नये. स्थळाकडच्यांस सांगावे काय? आमच्या मते परीक्षेचा निकाल हाती येईपर्यंत गावभर बोलण्याचे कारण नाही. परंतु मुलगी वाहक निघाली व बोलणी पक्की होऊ लागली, तर भावी नवऱ्या मुलास ते कळलेच पाहिजे. तो आपलीही परीक्षा करून घेऊ शकतो. जो एवढ्याने माघारी फिरेल, त्याचे माघारी फिरणे लग्नापूर्वीच झालेले बरे.

उपचारांविषयी थोडक्यात. नवी औषधे निघाली आहेत आणि ती खरोखर दरवाज्यावरच काम करतात. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले औषध बंद दरवाजा उघडते, परंतु थोड्याच रुग्णांस लागू पडते. २०१९ मध्ये तीन औषधांचा मिलाफ आला, तो चुकलेली घडी सुधारून प्रथिनास दारापर्यंत नेतो. या उपचाराने तिकडच्या रुग्णांची स्थिती पालटली आहे. त्याची अमेरिकेतील किंमत मात्र वर्षास तीन लाख डॉलरांच्या वर ठेविली गेली, व आपल्याकडील सर्वसाधारण कुटुंबाने ती ऐकून नुसते हात जोडावेत अशी स्थिती आहे. आम्हांस हे लिहिताना संकोच होतो, परंतु लपविणे बरे नव्हे. मुलाच्या प्रतींतील बिघाड कोणता हे कळले असेल, तरच हे औषध त्यास कधी काळी उपयोगी पडेल की नाही हे सांगता येते. ती परीक्षा करून ठेवण्यास हे आणखी एक कारण.

तोपर्यंत जे हाती आहे ते थोडे नाही. जेवणाबरोबर पाचक रसांची औषधे, जीवनसत्त्वे, भरपूर तेलतुपाचा आहार, मिठाच्या पाण्याचा फवारा, जंतूंवर वेळच्या वेळी औषध, आणि रोज सकाळ-संध्याकाळ छाती व पाठ हलक्या हाताने थोपटून कफ मोकळा करणे. हे थोपटणे इस्पितळातील व्यायामोपचार-तज्ज्ञ शिकवितात व घरातील कोणीही शिकू शकतो. आजोबांनी ते काम अंगावर घ्यावे असे आम्ही सुचविले आहे; औषधे कालविणारे हात आहेत, वळण लवकर बसेल.

आणि उन्हाळा तोंडावर आहे. ज्या उष्म्याने न्यूयॉर्कची मुले मूर्च्छित झाली, तो आपल्याकडे दरवर्षीचाच. या मुलाच्या अंगातील मीठ घामावाटे वाहून जाते. तेव्हा मार्चपासूनच, किती ते डॉक्टरांस विचारून, त्याच्या पेजेत व ताकात मीठ जास्त असावे; बाहेर जाताना मीठ-साखरेचे पाणी बरोबर असावे; आणि मूल उन्हात मलूल झाले, ओकू लागले वा पेंगू लागले, तर घरी वारा घालीत न बसता लगेच इस्पितळ गाठावे व रोगाचे नाव तेथील डॉक्टरांस पहिल्याच वाक्यात सांगावे.